मी खाली आहे

शोभा,

काल तुझं तेरावं झालं. जेवायला आलेल्यांपैकी जो तो मला बाजूला घेऊन एकच सांगत होता. तुझ्या फॅक्टरीतल्या बायका, गल्लीतली ब्लाउज शिवणारी, आमच्या शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर, सगळ्यांचं पालुपद एक: "दीदी के पास हमारे लिए हमेशा टाइम रहता था." मी हात जोडून "हो ना, हो ना" करत होते आणि आतून जळत होते. तुझ्याच तेराव्याला. मनात येत होतं, उद्या मी गेले तर हेच लोक काय म्हणतील? म्हणतील, मॅडम बिचाऱ्या सदा घाईत असायच्या.

तुझा मला हेवा वाटायचा, हे तुला माहीत होतं की नाही ते मला ठाऊक नाही. मी कधी कबूल केलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. पण चौतीस वर्षं वाटला. तुझ्या साड्यांचा नाही, नोकरीचा नाही, रंगाचा तर मुळीच नाही, त्यात मी उजवी होते. हेवा होता तो तुझ्या सहा ते सातचा.

आत्ता सहा वाजून गेलेत. मी सगळं बाजूला ठेवून तुला लिहायला बसले आहे. सांगायची गोष्ट एकच आहे, आज सकाळीच कळलेली, पण ती एकदम तोंडातून निघत नाही. आधी आपलं जुनं भांडण पुरं करू दे.

मी साताऱ्याहून लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा तुम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचा. मी तुझी वहिनी, तू माझी नणंद, पण दोघी एकाच वर्षाच्या, म्हणून पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तू ऑफिसला निघताना मला म्हणालीस, "वहिनी, सहा वाजता मी खाली असते. येशील ना?" मी मान डोलावली. सहा वाजता पदर सारखा करून खाली जायला निघाले आणि लक्षात आलं की या घराला खालीच नाही. बैठं क्वार्टर, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पेरूचं झाड. मी घराला एक फेरी मारली. न्हाणीमागे तळघर वगैरे आहे का तेही बघून आले. शेवटी सासूबाईंना विचारलं, "खाली कुठून जायचं?"

त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की त्यांना खाटेवर बसावं लागलं. "अगं, खाली म्हणजे फ्री. काही काम नसते तिले त्या टायमाला." तू पेरूखाली वेताचा बुटका मोडा टाकून बसली होतीस आणि तुझ्याशेजारी दुसरा मोडा मांडलेला होता. तो माझ्यासाठी होता. पण मला तो दिसलाच नाही, मला फक्त सगळ्यांचं हसणं ऐकू आलं. "वहिनी खाली शोधून राहिली होती" हा किस्सा पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितला गेला. त्याच दिवशी मी ठरवलं की तुम्हा सगळ्यांचं मराठी मी सरळ करून सोडीन.

बाकीच्यांचं जमलं नाही. तुझ्या मात्र मी हात धुऊन मागे लागले. "करून राहिली नाही, करतेय." "काहून नाही, का." तू म्हणायचीस, "अच्छा, करतेय," आणि पुढच्याच वाक्यात करून राहायचीस. पण खालीवरून आपलं खरं वाजायचं. मी म्हणायचे, खाली म्हणजे जिना उतरून, जमिनीवर, पायथ्याशी. तू म्हणायचीस, "अर्धा जबलपूर खाली म्हणते वहिनी, तू एकटी काहून अडून बसली?"

अडून बसले, कारण तो शब्द ऐकला की माझ्या पोटात दुखायचं. रोज सहा ते सात तू खाली. मला आयुष्यात एकही दिवस असं म्हणता आलं नाही.

गंमत बघ. माझं कामच वेळ वाटायचं. गेली वीस वर्षं शाळेचं टाइमटेबल मी बनवते. मोठा तक्ता, तीन रंगांच्या पेन्सिली, कुठला वर्ग कधी कुणाकडे. कुणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी कुणाला पाठवायचं ते सकाळी पंधरा मिनिटांत. माझ्या हाताखाली एकही वर्ग शिक्षकाशिवाय बसला नाही. आणि माझा स्वतःचा दिवस? सकाळी कुकर लावता लावता वह्या, रिक्षात वह्या, जेवताना फोन. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू करताना सांगितलं, दिवसातून अर्धा तास काहीच करू नका. मी ते टाइमटेबलमध्ये घातलं. साडेचार ते पाच, काहीच न करणे. पहिल्या आठवड्यात त्या अर्ध्या तासात दहावीचे पेपर तपासून झाले, म्हणून खूशही झाले. तुला ते सांगितलं तर तू इतकी हसलीस की तुझा चहा सांडला.

तुझ्याकडे ना तक्ता, ना पेन्सिली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायचं, त्याच्या पाठीवर आजची तीन कामं लिहायची. चौथं लिहायचं नाही. कुणी चौथं घेऊन आलं तर तू सरळ सांगायचीस, "आज नाही होणार गं, परसों करून देते." आणि परवा करून द्यायचीस. लोक रागवायचे नाहीत, याचंच मला नवल. मी कुणालाच नाही म्हटलं नाही, सगळ्यांना हो म्हटलं, आणि सगळे माझ्यावर रागावलेले. फॅक्टरीचा भोंगा झाला की तुझ्या हातातलं पेन बंद. साहेब काही म्हणाले तर म्हणायचीस, "सर, हे उद्याचं पहिलं काम." घरी आलीस की हातपाय धुवायचे आणि सहा ते सात काही नाही. रेडिओ नाही, विणकाम नाही. कुणी आलं तर त्याच्याशी बोलायचं, नाही आलं तर बसायचं. मी तुला एकदा विचारलं होतं, नुसतं बसून करतेस काय? तू जरा विचार करून म्हणालीस, "दिवस खाली उतरू देते." बघ, तेव्हा तुला खालीचा खरा अर्थ बरोबर माहीत होता. मी मात्र मनातल्या मनात तुझा तो तास मोजत होते आणि त्यात माझी किती कामं झाली असती याचा हिशोब करत होते.

सराफ्यातला तो दिवस आठवतो? मिनूच्या बारशासाठी वाळे करायला टाकले होते. माझ्या मुलीचे वाळे, आणि सोबत तू. सोनार म्हणाला, एक घंटा लगेगा. माझा तिळपापड झाला. त्याला चार शब्द सुनावले आणि वेळ वाया जायला नको म्हणून कमानिया गेटच्या बाजाराकडे धावले. अस्तराचं कापड, पूजेचं सामान, सासूबाईंचा चष्मा, तीन कामं आटोपून धापा टाकत परत आले. अस्तर चुकीच्या रंगाचं आणलं होतं. चष्म्याची पावती दुकानात विसरले. तू सोनाराच्या दुकानात पाय वर घेऊन बसलेली, हातात चहा, आणि तो सोनार तुला त्याच्या मुलीच्या सासरचं सगळं सांगत होता. मला बघून म्हणालीस, "काहून एवढी धावून राहिली तू? त्याला तं घंटाच लागणार होता." वाळे त्याने तुझ्या हातात दिले. माझ्या मुलीच्या पायात ते पहिल्यांदा तूच घातलेस. ते मी विसरले नाही. तू विसरली असशील, तुझ्या मनात तसं काही नसायचंच. त्याचाही मला राग यायचा.

मग मिनू मोठी झाली आणि तीही तुझी झाली. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे, गोष्टी तुझ्याकडे. मी टिफिन भरला, गणित घेतलं, ताप आला की रात्री जागले, आणि ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा सांगायला तुझ्याकडे गेली. सहा वाजता. हैदराबादला नोकरी लागल्यावरही तेच. मला रविवारी फोन, आई कशी आहेस, मी ठीक, ठेवते. तुला रोज सहाला. एकदा मी तिच्यावर चिडले तर म्हणाली, "आई, तू फोन उठाती है तो पीछे से कुकर बोलता है. आत्या उठाती है तो सिर्फ आत्या बोलती है." ती मराठी बोलायला लागली की अडखळते, पण माझं माप काढायला तिला हिंदीही पुरली.

आता गेल्या राखीचा दिवस. तो मला सांगावाच लागेल.

आपली घरं आता वेगळी, तू तुझ्या दादाला राखी बांधायला आली होतीस. माझा स्वयंपाक अर्धा झालेला, दुसऱ्या दिवसाच्या टाइमटेबलमध्ये दोन शिक्षक कमी, फोन वाजतोय. तू स्वयंपाकघरात येऊन पुरणाचं पातेलं माझ्या हातातून घेतलंस आणि म्हणालीस, "वहिनी, तू थोडी बस ना. मी करते. मी तं खालीच आहे." इतकंच. चांगल्या मनाने. आणि माझ्या तोंडून निघालं, "खाली नाही म्हणत मराठीत. तू आहेस त्याला रिकामी म्हणतात. ना नवरा, ना मूल, ना कुणाचं करणं. रिकामीला वेळच वेळ."

दादा बाहेर पेपर वाचत होते, त्यांचा पेपर खाली आला आणि पुन्हा वर गेला. तू पुरण घोटत राहिलीस. मग म्हणालीस, "अच्छा. रिकामी." शब्द पाठ करावा तसं म्हणालीस.

शोभा, मला दुसरा शब्द माहीत होता. सातारच्या मुलीला तो माहीत नसेल का? मोकळी. तू मोकळी होतीस. तो शब्द माझ्या जिभेवर होता आणि मी तो तुला दिला नाही. चौतीस वर्षांत कधीच दिला नाही. मला तुझ्याबद्दल तो शब्द उच्चारायचाच नव्हता. उच्चारला असता तर मी कोण आहे तेही म्हणावं लागलं असतं. माफी मागायचं रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं. तुझ्या कॅलेंडरच्या पानावर ते पहिलं काम असतं.

आता तू जायच्या आधीच्या मंगळवारचं. परीक्षा तोंडावर, तीन जण गैरहजर, मी दुसऱ्या मजल्यावर तक्त्यात डोकं घालून बसलेली. अकराच्या सुमारास तुझा मेसेज आला: "वहिनी, मी खाली आहे."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, ऐन शाळेच्या वेळात ही बाई मला कळवतेय की तिला काही काम नाही. रिटायर झाल्यापासून तुझे तर चोवीस तास सहा ते सात झाले होते. मी उत्तर दिलं: "मी नाही. संध्याकाळी बोलू." लिहून थोडं बरंही वाटलं.

तू लिहिलंस, "ठीक."

संध्याकाळी मी फोन केला. तुझा आवाज बसलेला होता. म्हणालीस, थोडं दमल्यासारखं वाटतंय, डॉक्टरकडे जाऊन आले, आराम सांगितलाय. मी विचारलं, सकाळी काही काम होतं का? "नाही गं. अशीच." मी म्हटलं, "शाळेच्या वेळेत अशीच मेसेज करत जाऊ नकोस, शोभा." तू म्हणालीस, "अच्छा." मग, "जेवलीस का तू?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. "चलो," म्हणालीस आणि ठेवलास.

गुरुवारी पहाटे तू गेलीस. मला बीपी, मला साखर, मी सदा धापा टाकणारी. सगळे धरून चालले होते की आधी मी. आणि झोपेतल्या झोपेत, कुणाला तसदी न देता, तू गेलीस. तिथेही मला हेवा वाटला, लपवत नाही. तिलवाऱ्याला तुझे दादा नर्मदेत अस्थी सोडत होते आणि मी घड्याळ बघितलं. सवयीने. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं तेव्हा लाज वाटली.

काल पाहुणे गेल्यावर मिनू भांडी लावता लावता म्हणाली, "आई, राखी के बाद आत्या ने मुझसे पूछा था, खाली को असली मराठी में क्या बोलते हैं. मला पण नव्हतं माहीत. मी माझ्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मोकळी. आत्याला इतका आवडला तो शब्द." मी फोन काढून तुझे मेसेज वर सरकवत गेले. राखीनंतरचे. "वहिनी, सहाला मी मोकळी आहे, येतेस का?" "रविवारी मोकळी आहे गं." "तू कधी मोकळी होशील?" सहा महिने तू एकदाही खाली लिहिलं नव्हतंस. मी सुधारलेलं तुझं मराठी, आणि माझंच लक्ष नाही. मी फक्त वर "वहिनी" आणि शेवटी प्रश्नचिन्ह बघून "आज नाही" लिहीत होते.

मग तो शेवटचा मेसेज पुन्हा वाचला. तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही. वाटलं, जुनी सवय, चुकून लिहिलं असेल.

आज सकाळी तेरा दिवसांनी शाळेत गेले. फाटकाशी गार्ड तिवारीजी उठून उभे राहिले. पांढऱ्या मिशांचे, शाळेत माझ्याही आधीपासूनचे. म्हणाले, "मैडम जी, सुना तो यकीन नहीं हुआ. अभी उस मंगल को तो दीदी यहीं बैठी थीं."

मी विचारलं, कुठे?

त्यांनी जिन्याखालचा बाक दाखवला. "डॉक्टर के यहाँ से आ रही थीं, फाइल थी हाथ में. बोलीं, साँस फूल रही है, ऊपर नहीं चढ़ा जाएगा. हमने कहा, ऊपर खबर कर दें? बोलीं, नहीं भैया, हमने मैसेज कर दिया है, वो आ जाएँगी." मग आत जाऊन त्यांनी भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर आणलं. तुझं ते गोल अक्षर. किससे मिलना है, या रकान्यात तू "वहिनी" लिहिलं होतंस. तिवारीजी म्हणाले, "हमने पूछा ये कौन-सी मैडम हैं, तो हँसने लगीं." आत येण्याची वेळ अकरा. बाहेर जाण्याची बारा. माझं "मी नाही" वाचल्यावरही तू पूर्ण एक तास तिथे बसलीस.

काय सांगायला आली होतीस? डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला बोलावलं होतं, ते तुझ्या पिशवीतल्या फाइलमध्ये नंतर सापडलं. सोबत चल म्हणणार होतीस का? की नुसतीच बसणार होतीस? मला काही कळायचा मार्ग उरलेला नाही. मी चौतीस वर्षं जळत राहिले की तुझा वेळ सगळ्यांना मिळाला, मला नाही. पेरूखालचा दुसरा मोडा माझा होता. सहा महिन्यांचे मेसेज माझे होते. तो मंगळवारचा तास तर तू माझ्या दारात आणून दिलास, आणि मी दोन जिने वर कुणा गैरहजराच्या पीरियडला शिक्षक शोधत होते.

आज मधल्या सुट्टीत मी खाली उतरले आणि त्या बाकावर बसले. वरून कुणीतरी हाक मारली, मॅडम, आठवीत कोण जाणार? मी सांगितलं, आज नाही होणार. पोरांचा गोंगाट होता, तिवारीजी चहा घेऊन आले, मी हातात फोन धरून तुझी ती ओळ बघत होते. वहिनी, मी खाली आहे.

शोभा, तुझं मराठी त्या दिवशी बरोबर होतं.